पेशीत शिरणारं पेप्टाइड, किरणोत्सारी लेबल आणि त्याच त्या चुका

गॅमा काउंटर, म्हणजे नळीतला किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, फक्त मोजतो. काउंट पेशीच्या आतून आले, पेशीच्या अंगाला चिकटलेल्या पेप्टाइडमधून आले, की नळीच्या प्लास्टिकमधून, हे त्याच्या प्रिंटवर छापून येत नाही. ते शोधायचं काम आपलं. नेमकं हेच काम टाळून थेट आलेख काढायला बसणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत, की आता तोंडी सांगायचा कंटाळा आला. म्हणून लिहून ठेवते आहे. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पुढे ढकलेन.

हा लेख पेशीभेदी पेप्टाइड, म्हणजे लॅबमध्ये आपण ज्याला सीपीपी म्हणतो ते, घेऊन इमेजिंग किंवा रेडिओथेरपीचं काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. इतिहास दोन ओळींत सांगते. एचआयव्हीचं टॅट प्रथिन बाहेरून टाकलं तरी पेशीत शिरतं, हे १९८८ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. १९९४ मध्ये फळमाशीच्या एका प्रथिनातला १६ अमिनो आम्लांचा तुकडा, पेनेट्रॅटिन, पुढे आला. मग कळलं की आठ-नऊ आर्जिनिन ओळीने जोडले तरी काम होतं. २००० साली अमेरिकेत सेंट लुईसला डेव्हिड पिव्निका-वर्म्स यांच्या गटाने टॅटच्या तुकड्यावर टेक्निशियम-९९एम बसवून तो पेशींत पोचवला. तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं, पेशीचं दार उघडलंच आहे, आता फक्त लेबल लावायचं.

आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर हा मोह जास्तच. वाशीला ब्रिट, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ पुरवणारी सरकारी संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र. ध्रुव अणुभट्टीत तयार झालेलं लुटेशियम-१७७ आपल्या दारात मिळतं. बाकीच्या देशात लोक ज्यासाठी विमानाची वाट बघतात ते इथे गाडीने येतं. त्यामुळे मूळ पेप्टाइड नीट ओळखायच्या आधीच ते 'गरम' करून, म्हणजे किरणोत्सारी लेबल लावून, मोकळं होण्याची घाई.

रिकामी वेल न मोजणं

वेल म्हणजे कल्चर प्लेटमधला खळगा, आणि रिकामी म्हणजे पेशी न टाकलेली. माझी सगळ्यात नावडती चूक हीच. तिच्यावर मी वेळ घालवणार आहे.

सीपीपी धनभारित असतात. टॅटचा नेहमीचा ११ अमिनो आम्लांचा तुकडा घ्या : त्यात सहा आर्जिनिन आणि दोन लायसिन. इतका धनभार घेऊन फिरणारी वस्तू ऋणभार दिसेल तिथे चिकटते. पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेटच्या साखळ्यांना चिकटते, काचेला चिकटते, पिपेटच्या टोकाला चिकटते आणि कल्चर प्लेटच्या पॉलिस्टायरीनला तर फारच आवडीने. पेशी वाढाव्यात म्हणून त्या प्लास्टिकवर मुद्दाम प्रक्रिया केलेली असते, तिथे ऋणभार असतोच.

एका लॅबमधली गोष्ट. नाव सांगत नाही, पट्ट्यातलीच आहे. एक हुशार, मेहनती मुलगा आठ आर्जिनिनच्या पेप्टाइडला डोटा (धातूला पकडून ठेवणारा रेणू) जोडून त्यावर लुटेशियम-१७७ बसवत होता. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी, २४ वेलची प्लेट, दोन तास उष्मायन, तीन वेळा बफरने धुणं, मग वेलमध्येच सोडियम हायड्रॉक्साइड टाकून सगळं विरघळवून मोजणं. आलेख असा देखणा, की भिंतीवर लावावा. वेळेबरोबर काउंट वाढत होते आणि शेवटी सपाट होत होते. मग त्याने तेच ४ अंश सेल्सिअसला केलं. थंडीत पेशीचं एंडोसायटोसिस, म्हणजे पटलाची पिशवी करून बाहेरचा माल आत ओढणं, जवळजवळ थांबतं, त्यामुळे काउंट पडायला हवे होते. पडले नाहीत.

तो आनंदाने आला. "मॅडम, चार अंशालाही आत जातंय! म्हणजे ऊर्जा लागतच नाही, थेट पटलातून जातंय."

"आत म्हणजे कुठे रे?"

"पेशीत."

"पेशी नसलेली वेल मोजलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याला रिकामं पातेलं उकळायला सांगितलंय. परिषदेचं पोस्टर छापायला गेलेलं होतं. गाइडनेही "कशाला वेळ घालवता" असा सूर लावला. मी म्हटलं, एक प्लेट लागेल आणि एक दिवस. पेशी टाकू नकोस, पण बाकी सगळं तेच कर. सिरम असलेलं माध्यम रात्रभर ठेव, कारण सिरममधली प्रथिनं प्लास्टिकवर बसतात आणि तो थर दोन्ही प्लेटवर सारखा हवा. मग तेच पेप्टाइड, तोच वेळ, तेवढीच धुणी.

रिकाम्या वेलनी पेशींच्या वेलच्या जवळपास तेवढेच काउंट दिले. आलेखाचा आकारही तोच. दोन तास तो मुलगा पॉलिस्टायरीनचं रसायनशास्त्र मोजत होता आणि ४ अंशाला फरक पडत नव्हता कारण प्लास्टिकला थंडी वाजत नाही.

बरं, यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे रिकाम्या वेलचे काउंट वजा करणं. तोही अर्धवट. पेशींनी झाकलेल्या वेलमध्ये उघडं प्लास्टिक कमी असतं, रिकाम्यात जास्त. वजाबाकी केली तर कधी उत्तर शून्याखालीही येतं आणि मग मुलं ते आकडे गुपचूप वगळतात. माझी सवय वेगळी आहे. वेलमध्ये काही मोजायचंच नाही. धुऊन झालं की ट्रिप्सिन घालायचं. ते एकाच वेळी दोन कामं करतं : पेशी सुटतात आणि पृष्ठभागाला चिकटलेलं पेप्टाइड चिरलं जातं, कारण ट्रिप्सिन नेमकं आर्जिनिन आणि लायसिनपाशीच कापतं. मग पेशी सेंट्रिफ्यूज करून, थंड बफरने धुऊन, नव्या कमी चिकटणाऱ्या नळीत घ्यायच्या आणि तिथे मोजायच्या. मूळ प्लेट वेगळी मोजायची. काढून घेतलेला सगळा द्रवही मोजायचा. तिन्ही मिळून टाकलेल्या काउंटच्या जवळ आले नाहीत तर पुढे जायचं नाही. हे कोणत्या पुस्तकातून घेतलेलं नाही, मला असं केल्याशिवाय झोप येत नाही इतकंच. डी-अमिनो आम्लांचं पेप्टाइड असेल तर मात्र ट्रिप्सिन ते कापत नाही; तिथे धुणीत हेपरिन घाला, ते पेप्टाइडला पेशीच्या साखळ्यांवरून ओढून घेतं. मी तर दोन्ही करते.

सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरवर काम करून आलेली मुलं आम्लयुक्त ग्लायसिनची धुणी घेऊन येतात. ती रिसेप्टरला बसलेला लायगंड, म्हणजे त्याला जुळणारा रेणू, सोडवायला आहे. आठ आर्जिनिन साखळ्यांत गुंतलेले असतील तर तिच्या भरवशावर राहू नका.

आणि ही काही माझीच कुरकुर नाही. सीपीपीच्या क्षेत्राने हा धडा २००३ मध्येच मोठ्याने शिकला होता. बर्नार्ड लेब्लू आणि सहकाऱ्यांनी तेव्हा दाखवलं की पेशी फिक्स करताना, म्हणजे रसायनांनी आहे तशा पक्क्या करताना, पृष्ठभागावर चिकटलेलं पेप्टाइड आत आणि केंद्रकापर्यंत पसरतं, आणि आपण ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून "केंद्रकात गेलं" म्हणतो. सौम्य फिक्सेशननेसुद्धा हे होतं. जिवंत पेशी पाहिल्या आणि ट्रिप्सिन वापरलं, तर चित्र बदललं : बराचसा माल एंडोसोममध्ये, म्हणजे आत ओढलेल्या त्या पिशव्यांमध्येच. त्याआधीच्या कितीतरी निष्कर्षांकडे परत वळून बघावं लागलं. हे सगळं छापील असताना आजही फिक्स केलेल्या पेशींचे हिरवेगार फोटो प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर येतात. वाचायचा कंटाळा, दुसरं काय.

मायक्रोमोलर आणि नॅनोमोलर

हा मुद्दा छोटा आहे पण प्रोजेक्ट बुडवतो. फ्लोरोसेंट लेबल लावून सीपीपी बघताना लोक ५ ते १० मायक्रोमोलर वापरतात. आर्जिनिनवाली पेप्टाइडं सुमारे १० मायक्रोमोलरच्या पुढे थेट पटलातून जाताना दिसतात. त्याखाली बहुतांश एंडोसायटोसिस. आता इमेजिंगचा हिशेब करा. माणसाला ५० मायक्रोग्रॅम पेप्टाइड दिलं आणि त्याचं वजन २००० डाल्टन धरलं, तर ते झाले २५ नॅनोमोल. पाच लिटर रक्तात पसरले की ५ नॅनोमोलर, आणि तेही पहिल्या क्षणापुरते. म्हणजे प्लेटमध्ये जे पाहिलं त्याच्या हजार-दोन हजार पट खाली तुम्ही काम करणार आहात. तिथे तोच मार्ग चालेल असं धरून चालायचं कारण नाही. पेशींवरचे प्रयोग नॅनोमोलरला करा. काउंट कमी येतील, आलेख कुरूप दिसेल. दिसू द्या.

त्यातच एक पोटचूक : फ्लोरेसिन लावलेल्या पेप्टाइडचा निकाल डोटा लावलेल्या पेप्टाइडला चिकटवणं. दोन्ही वेगळे रेणू आहेत. शिवाय फ्लोरेसिन आम्लात मंद होतं आणि एंडोसोम आम्लधर्मी असतो, त्यामुळे अडकलेलं पेप्टाइड कमी दिसतं आणि बाहेर पडलेलं जास्त.

एका पट्टीवर लेबलिंग पास करणं

दुसरी लाडकी चूक. इथे निदान मुलांचा दोष अर्धा. त्यांना शिकवणाऱ्यांनीच त्यांना एक पट्टी दिलेली असते.

गॅलियम-६८ जनरेटरमधून, म्हणजे लॅबमध्येच हा आयसोटोप काढून देणाऱ्या उपकरणातून, येतं तेव्हा ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात असतं. डोटाला ते बसवायचं तर पीएच साडेतीन ते चारच्या आसपास, ९५ अंशाला दहाएक मिनिटं. पीएच वर सरकला की गॅलियम पाण्याशी जुळून कोलॉइड, म्हणजे द्रावणात तरंगणारे बारीक कण, बनवतं. मग गुणवत्ता तपासायला सिलिका जेलच्या पट्टीवर एक थेंब ठेवतात आणि सायट्रेटच्या द्रावणात उभी करतात. मोकळं गॅलियम वर पळतं, लेबल झालेलं पेप्टाइड खाली बसून राहतं. खाली ९८ टक्के, वर दोन टक्के. पास!

पण कोलॉइडसुद्धा खालीच बसतं.

एका दुसऱ्या लॅबमध्ये, ठाण्याच्या बाजूला, एका मुलीने असंच ९८ टक्क्यांचं पेप्टाइड उंदराला दिलं. प्रतिमेत यकृत लखलखीत आणि प्लीहासुद्धा. गाठीत काही नाही. तिच्या गाइडने निष्कर्ष काढला : धनभार जास्त आहे, म्हणून यकृतात जातंय, दोन आर्जिनिन कमी करू. ऐकायला अगदी पटण्यासारखं, आणि त्यातच मेख आहे. सीपीपी खरोखरच यकृतात आणि मूत्रपिंडात जातात, त्यामुळे कोलॉइडला लपायला यापेक्षा चांगली जागा नाही. नवीन पेप्टाइड मागवलं गेलं. खर्च, महिने. त्याचंही यकृत लखलखीत. तेव्हा कुठे फोन आला.

मी प्लीहाबद्दल विचारलं. विरघळलेलं लहान पेप्टाइड प्लीहात इतकं कशाला बसेल? यकृत आणि प्लीहा दोन्ही एकदम उजळले, तर कणांना गिळणाऱ्या भक्षक पेशींची आठवण व्हायला हवी. तिला दुसरी पट्टी करायला सांगितलं : अमोनियम अ‍ॅसिटेट आणि मेथॅनॉल निम्मं-निम्मं. यात कोलॉइड खाली राहतं आणि एरवीचं लेबल झालेलं पेप्टाइड वर जातं. पण इथे सीपीपीची खास अडचण आली. इतकं धनभारित पेप्टाइड सिलिकाला स्वतःच चिकटून बसतं, वर जायला तयार नसतं. म्हणजे दुसरी पट्टीही साक्ष देईना.

मग एचपीएलसी, म्हणजे दाबाने कॉलममधून ढकलून घटक वेगळे करणं. तिथे सुंदर एकच शिखर. गाइड म्हणाले, बघा, शुद्ध आहे. मी म्हटलं, कॉलमवर टाकलेले काउंट आणि कॉलममधून बाहेर आलेले काउंट मोजा. कोलॉइड कॉलमच्या तोंडाशीच अडकतं, बाहेर येतच नाही, त्यामुळे क्रोमॅटोग्रामवर त्याचं शिखर दिसणार कुठून? बाहेर आलेला हिस्सा निम्म्यापेक्षाही कमी निघाला. त्यांचं बफर जुनं होतं, पीएच पाचच्या पुढे गेलेला. पेप्टाइडचा काही गुन्हा नव्हता आणि कमी केलेले दोन आर्जिनिन फुकट गेले.

तेव्हा माझा नियम : पट्टी फक्त "मोकळा धातू किती" एवढंच सांगते, त्यापुढे तिचं ऐकायचं नाही. एचपीएलसीवर प्रत्येक वेळी वसुली मोजायची. पीएच प्रत्येक वेळी कागदावर बघायचा, "कालच बनवलंय" यावर नाही. टेक्निशियम-९९एम वापरणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे कोलॉइड वेगळं, फसवणूक तीच.

आता भराभर

पेप्टाइडचं वजन. कुपीवर ५ मिलिग्रॅम लिहिलंय म्हणून त्यात ५ मिलिग्रॅम पेप्टाइड आहे असं समजू नका. शुद्धीकरणानंतर प्रत्येक धनभाराशी ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटेटचा एक आयन येतो. टॅटच्या त्या ११ अमिनो आम्लांच्या तुकड्याचं वजन सुमारे १५६० डाल्टन, त्यावर टोकाचा धरून नऊ धनभार, प्रत्येकी ११४ डाल्टन. म्हणजे जवळजवळ ४० टक्के वजन मिठाचं. तुमची विशिष्ट क्रियाशीलता (ठरावीक पेप्टाइडमागे किरणोत्सर्ग किती), तुमचं मोलर प्रमाण, सगळं त्या चुकीवर उभं राहतं. पेशींना हा आयन मानवतोही कमी. अ‍ॅसेटेट किंवा क्लोराइड करून मागवा, आणि नेट पेप्टाइड कंटेंट लिहून मागा.

पावसाळा. आर्जिनिनची ही मिठं हवेतलं पाणी ओढतात. जुलैत खारघरला खिडकीबाहेर ढग उतरलेले असताना उणे २० अंशातून काढलेली कुपी लगेच उघडली की दोन मिनिटांत पावडरचा चिकट थर. बंद कुपी डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. एसी चालू आहे म्हणून हवा कोरडी आहे असं नसतं.

डोटा कुठे बसला? टॅटमध्ये दोन लायसिन मधोमध आहेत. सक्रिय एस्टर टाकून मोकळ्या पेप्टाइडला डोटा जोडला तर तो टोकाला, एका लायसिनला, दुसऱ्याला, दोन्हींना असा कुठेही बसेल, आणि लायसिनचा धनभार गेला की पेप्टाइडचा स्वभावही गेला. पेप्टाइड रेझिनवर, म्हणजे ते ज्या दाण्यांवर बांधतात त्यांवर, असतानाच डोटा टोकाला जोडून घ्या, बाजूच्या साखळ्या झाकलेल्या असताना. थोडे पैसे जास्त पडतात. पडू देत.

स्टीलचा चमचा, स्टीलची सुई. नका. डोटाला लोखंड आणि जस्त लुटेशियमइतकेच प्रिय, आणि ते तुमच्या लुटेशियमपेक्षा पुष्कळ जास्त असतात.

पेनेट्रॅटिनमध्ये मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन आहेत. लुटेशियमबरोबर गरम करताना किरणांनी ते ऑक्सिडाइझ होतात. अ‍ॅस्कॉर्बिक किंवा जेंटिसिक आम्ल घाला. न घालता "कालपर्यंत चांगलं होतं" अशी तक्रार घेऊन येऊ नका.

घड्याळ. डोस कॅलिब्रेटरचं घड्याळ, काउंटरचं घड्याळ आणि तुमचा मोबाइल यांत चार मिनिटांचा फरक असला तर लुटेशियमला काही होत नाही; त्याचं अर्धायुष्य ६.६५ दिवस. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटं. जनरेटर एका इमारतीत आणि प्राणिगृह दुसऱ्या गावात, अशी आखणी करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सायन-पनवेल रस्त्यावर तासभर अडकलात तर निम्म्याहून थोडंच जास्त उरतं. आणि हो, मालाची ने-आण परवानगी, कागद आणि आरएसओच्या (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या) सहीशिवाय होत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम "जवळच तर आहे" म्हणून सैल होत नाहीत.

सिरममध्ये टिकाव. एल-अमिनो आम्लांचं टॅट रक्तात चिरलं जातं. तासाभराने जी प्रतिमा घेतली ती कुणाची, पेप्टाइडची की तुकड्याची? ताज्या सिरममध्ये ३७ अंशाला ठेवून एचपीएलसी करा, उंदराच्याही आणि माणसाच्याही सिरममध्ये. डी-अमिनो आम्लांनी ते टिकतं, पण मग शरीरातही चिवटपणे राहतं.

पत्ता नसलेलं पेप्टाइड

सीपीपी म्हणजे गणपतीच्या दिवसांत सोसायटीतल्या प्रत्येक दारात शिरणारं पोर. त्याला घर कुणाचं हे विचारायची सवय नसते. कर्करोगाची पेशी, यकृताची पेशी, रक्तवाहिनीची आतली भिंत, सगळं एकच. तरी दरवेळी कुणीतरी नुसतं टॅट-डोटा घेऊन "ट्यूमर टार्गेटिंग" असं शीर्षक देतं. लक्ष्य देणारा भाग वेगळा लागतो : अँटिबॉडी, रिसेप्टरचं पेप्टाइड, किंवा गाठीपाशीच उघडणारं कुलूप.

कुलपाची कल्पना रॉजर त्सिएन यांच्या गटाने २००४ मध्ये मांडली. आर्जिनिनच्या साखळीला ग्लुटामेटच्या ऋणभारित साखळीने दाबून ठेवायचं, आणि मधला दुवा असा, की एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एंझाइमं तो कापतील. गाठीपाशी ती एंझाइमं जास्त, म्हणून तिथेच सीपीपी मोकळं होईल. फार सुंदर कल्पना आहे. पण २०११ मध्ये नेदरलँड्सच्या एका गटाने किरणोत्सारी लेबल लावून नीट मोजल्यावर दाखवलं, की उंदरात हा दुवा बऱ्याच अंशी गाठीबाहेर, रक्तप्रवाहाच्या बाजूलाच कापला जातो, आणि गाठीत दिसणारा माल तिथे उघडलेल्या कुलपामुळे नसतो. म्हणून असं काही करत असाल तर दोन्ही टोकांना दोन वेगळी लेबलं लावा. एक सीपीपीच्या बाजूला, एक झाकणाच्या बाजूला. दोन्हींचं गुणोत्तर प्रत्येक अवयवात मोजा, नुसत्या गाठीत नाही. आणि न कापला जाणारा दुवा असलेलं जुळं पेप्टाइड बाजूला ठेवाच.

जुळ्या पेप्टाइडवरून आठवलं. नियंत्रण म्हणून "स्क्रॅम्बल्ड" क्रम वापरायची रिसेप्टरवाल्यांची पद्धत इथे हास्यास्पद होते. आठ आर्जिनिनची अदलाबदल केली तर काय मिळतं? आठ आर्जिनिन. टॅटचंही तेच, भार तेवढाच, वागणं जवळपास तेवढंच. मुलाखतीत मी हा प्रश्न विचारते, आणि जो हसतो त्याला घेते.

थेरपी : कोणता आयसोटोप, आणि आत जाऊन फायदा काय

इथे मला सगळ्यात जास्त घाई दिसते. "पेप्टाइड पेशीत नेतं, म्हणून लुटेशियम-१७७ जास्त मारक होईल." जरा थांबा. लुटेशियमचा बीटा कण ऊतीत जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातो. पेशी १०-२० मायक्रोमीटरची. म्हणजे तो कण पेशीच्या आत सुटला काय आणि पटलावर सुटला काय, अनेक पेशी ओलांडून जाणारच. लुटेशियमला सीपीपीचा फायदा झालाच तर तो आत अडकून जास्त वेळ राहण्याचा आहे. तेव्हा मोजायचं काय, तर २४, ४८, ७२ तासांनी गाठीत किती उरलं. दोन तासांचं "अपटेक" नाही.

ऑजर इलेक्ट्रॉनची गोष्ट पूर्ण वेगळी. इंडियम-१११ किंवा आयोडीन-१२५ मधून निघणारे बहुतेक ऑजर इलेक्ट्रॉन एक मायक्रोमीटरही जात नाहीत. ते डीएनएच्या अंगाशी सुटले तर घातक, एंडोसोममध्ये सुटले तर जवळपास वाया. म्हणून इथे सीपीपीचं खरं काम आहे : एंडोसोममधून बाहेर पडणं आणि केंद्रकात पोचणं. ऑक्सफर्डच्या गटाने डीएनए तुटल्यावर उमटणाऱ्या गॅमा-एच२एएक्स या खुणेविरुद्धची अँटिबॉडी टॅट आणि इंडियम-१११ सह वापरली, कारण त्यांचं लक्ष्य केंद्रकातच होतं. हा विचार करून निवडलेला जोड. ज्यांच्याकडे केंद्रकाचा पुरावा नाही त्यांनी ऑजरच्या गोष्टी करू नयेत. पुरावा म्हणजे पेशी फोडून केंद्रक वेगळं करून मोजणं, आणि त्या केंद्रकाला बाहेरून पेप्टाइड चिकटलेलं नाही हेही दाखवणं. हो, तिथेही चिकटतं. फोडतानाच लेबल न झालेल्या पेशींत किरणोत्सारी पेप्टाइड मिसळून बघा, केंद्रकाच्या नळीत किती येतं ते. तो आकडा बघून बरेच जण गप्प होतात.

मूत्रपिंड. धनभारित पेप्टाइडं गाळली जातात आणि मूत्रपिंडाच्या नलिका ती परत ओढून धरतात. न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या लुटेशियम उपचारात रुग्णाला लायसिन आणि आर्जिनिन २५-२५ ग्रॅम शिरेतून देतात, त्याचं कारण हेच. तो उपाय तुमच्या सीपीपीला तसाच लागू पडेल असं धरू नका. उंदरात आधी मोजा. मूत्रपिंडाचा डोस न काढता गाठीचा डोस छापणाऱ्यांवर माझा राग आहे.

कचरा. ध्रुवसारख्या अणुभट्टीत लुटेशियम-१७६ वर न्यूट्रॉन मारून मिळणाऱ्या लुटेशियममध्ये लुटेशियम-१७७एमचे अंश येतात, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे १६० दिवसांचं. "दहा आठवडे झाले, टाकून द्या" असं करू नका, आधी मोजा.

शेवटी उंदराचं शेपूट. शिरेतून दिलेलं इंजेक्शन शेपटीतच बाहेर फुटलं, तर सगळ्या अवयवांचे टक्के चुकतात आणि आपण बिचाऱ्या पेप्टाइडला नावं ठेवत बसतो. म्हणून प्रत्येक उंदराची शेपटी कापून वेगळ्या नळीत मोजा. सिरिंजही इंजेक्शनआधी आणि नंतर मोजा, कारण ही पेप्टाइडं सिरिंजलाही चिकटतात आणि दिलेला डोस म्हणजे भरलेला डोस नव्हे. शेपटीत पाच टक्क्यांहून जास्त सापडलं तर मी तो उंदीर आकडेवारीतून काढते. ही मर्यादा मी प्रयोगाच्या आधी वहीत लिहून ठेवते, निकाल पाहून नंतर ठरवत नाही.